शंभर पावलं मागे

धुळ्याच्या स्टँडवर साक्रीच्या गाडीची रांग. माझ्यापुढे दोघी: देवपुरात शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणाऱ्या बाई आणि त्यांच्याकडच्या एका मुलीची आई.

“बाई, माझ्या सिंधूला एकटीला नदीपलीकडं धाडलं म्हणे! असं असेल तर मी तिला काढूनच घेते.”

“अकरा वर्षांची आहे ती. वाचनालयात पुस्तक द्यायचं होतं. आणि एकटी कुठली? शंभर पावलं मागे मी होते, तोंडावर पदर घेऊन.”

“तिला कळलं नाही?”

“कळलंही नसतं. पण पांझरेच्या फरशीपुलावर शेवाळावरून पाय घसरला.”

“अवं माय! पोरीचा?”

“माझा. तीच धावत आली, हात धरून मला पार नेलं.”

“काही बोलली?”

“म्हणाली, ‘बाई, उद्या तुम्ही पुढं चाला. मागं असलात की लक्ष ठेवता येत नाही.’”