नसीमआपांची खोली आणि हात मागे बांधलेली माणसं

जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो, यूसुफभाई, आपले गायकवाड अण्णा, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या छोट्या मित्रमैत्रिणींनो,

स्वतःची आई, आपल्या नसीमआपा, गेल्याच्या दुःखातही यूसुफभाईंनी मला बोलायला सांगितलं, म्हणून उभा आहे. नाहीतर बोलणं हा माझा धंदा नाही. मी दिलीप, नळकाम करतो. या हॉलमधला प्रत्येक नळ मी बसवलाय आणि त्यातला एकही गळत नाही. पण आज सकाळपासून मनात चार वाक्यं जुळवतोय, आणि ती काही जुळत नाहीत.

तर आधी एक दुरुस्ती. मागच्या फलकावर लिहिलंय, 'बालशाळेच्या संचालिका नसीमआपा'. ज्याने लिहिलं त्याने वाईट वाटून घेऊ नये, पण ते चूक आहे. शाळा नव्हती ती. या हॉलच्या मागची खोली आणि तिचं अंगण. तिला आपण सगळे 'आपांची खोली' म्हणतो. आणि आपांना कुणी संचालिका म्हटलं की त्या म्हणायच्या, "चालवतात मुलं. मी फक्त कडी काढते."

गेल्या शुक्रवारी पहाटे आपा गेल्या. तेव्हापासून खडकीच्या आपल्या या गल्लीत प्रत्येक जण मला एकच विचारतोय. दिलीप, आता खोलीचं काय? बंद होणार का? याचं उत्तर दिल्याशिवाय मी खाली बसणार नाही. पण उत्तर कळायला आधी एक सकाळ ऐकावी लागेल.

नवीन लोकांसाठी सांगतो. आपांच्या खोलीत घंटा नाही, फळा नाही, 'आता सगळ्यांनी हे करा' नाही. सकाळी मूल येतं, बघतं, आणि ठरवतं. कुणी माती, कुणी भांडी, कुणी नुसतं खिडकीत. दारावर आपांची पाटी होती, आजही आहे. 'मुलांना घाई नाही. आपल्याला असल्यास बाहेर थांबावे.' पुण्यात राहून इतकं सभ्य लिहिलंय म्हणून मी त्यांचं कौतुक केलं होतं. म्हणाल्या, "ही सभ्य नाही हो दिलीपभाऊ. आधीची तुम्ही वाचली नाहीत."

आणि एक रीत होती, पाळीची. प्रत्येक पालकाने पाळीपाळीने एक सकाळ खोलीत येऊन बसायचं. मदत करायला नाही. नुसतं बसायला. हात पाठीमागे बांधून. मुलाने स्वतः येऊन हाक मारली तरच उठायचं. तोवर त्याचं पडो, सांडो, उलटं होवो, तोंड बंद.

तुम्ही हसताय. बसून बघा एकदा.

माझी मुग्धा त्या खोलीत होती. पहिल्या दिवशी मी छाती काढून आपांना सांगितलं, "आपा, मला कुणी शिकवलं नाही. कुठला कोर्स नाही, कुठला उस्ताद नाही. भंगारातले नळ उघडून उघडून मी सगळं स्वतः शिकलो." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "माशाल्ला. मग पोरीला शिकवायची एवढी घाई का?"

मंडळी, मी मुग्धाची चप्पल दाराशी ठेवली आणि कामावर निघालो.

तर ती सकाळ. पाळी माझी होती. अंगणाच्या एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला विटांच्या कडेचा छोटा वाफा. त्यात मुलांनी मेथी पेरली होती. कुणी सांगितलं नव्हतं, डब्यातल्या भाजीवरून सुचलं. मग पाणी तिथवर न्यायचं, तर मगमधून अर्धं वाटेतच सांडायचं. कोपऱ्यात माझे पाइप पडले होते. आपांनी मागितले होते, उरलेले, उभे चिरलेले. "नवे आणलेत तर परत पाठवीन," अशी तंबी. मी प्रत्येक तुकड्याची कड पॉलिश पेपरने घासून दिली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण एकाही मुलाचा हात कापला नाही.

मुग्धा आणि तिची मैत्रीण ओवी, दोघींनी ते पन्हाळीसारखे एकापुढे एक मांडले, नळापासून वाफ्यापर्यंत. झालं. एक टोक नळाखाली जमिनीवर, दुसरं विटांच्या कडेवर. म्हणजे उंच कुठलं? वाफ्याकडचं. पाणी कुठे येणार? परत नळाकडे.

नेमकं त्याच वेळी दारातून दोन माणसं आत आली. एक आपले, या हॉलच्या मंडळाचे अध्यक्ष गायकवाड अण्णा. दुसऱ्या सविताताई, ओवीची आई. अण्णा, सांगू ना सगळं? हो म्हणतायत. अण्णा सांगायला आले होते की मंडळाकडे एका शिकवणीवर्गाची मागणी आलीय आणि पुढच्या महिन्यापासून खोली त्यांना द्यायची. पालकांचीच तक्रार आहे म्हणाले. आणि सविताताई तक्रार करायलाच आल्या होत्या.

"आपा," त्या म्हणाल्या, "खराडीला माझ्या ऑफिसातल्या बायकांची पोरं ए टू झेड धडाधडा म्हणतात. माझी रोज फ्रॉकभर चिखल घेऊन घरी येते."

आपा गंभीर झाल्या. "घरी नेते? तिला सांगा हं, इथला चिखल इथेच ठेवत जा. आम्हाला कमी पडतो."

अण्णा म्हणाले, "आपा, चेष्टा नको. एक अक्षर येतं का पोरांना?"

आपा म्हणाल्या, "बसा. चहा नाही मिळणार. हात मागे."

दारूगोळ्याच्या कारखान्यात ज्यांच्या शिट्टीवर माणसं उभी राहायची, ते आपले अण्णा पायरीवर बसले. हात मागे. शेजारी सविताताई. शेजारी मी. आणि समोर पाणी उलटं वाहतंय.

मंडळी, माझी काय अवस्था झाली असेल? आयुष्यभर मी ढाळ काढलाय, पाणी वाहायचा उतार. लोकांच्या मोरीचा ढाळ नुसत्या नजरेने सांगतो, लेव्हल नंतर लावतो. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी मुलगी पाणी चढावर ढकलतेय! अण्णांनी मला कोपराने ढोसलं. "अरे, नळवाला ना तू? सांग की तिला!"

मी म्हणालो, "परवानगी नाही."

"मग मी सांगतो."

"अण्णा," आपा पलीकडून म्हणाल्या, मान न वळवता, "तुमचा आवाज ऐकू येतोय."

दोघींनी नळ जास्त सोडला. पाणी जास्त परत आलं. मुग्धा भिजली, हसली, मग चिडली. पाइप पायाने उडवला. मला वाटलं संपलं. सविताताई हळूच म्हणाल्या, "रडणार आता." नाही रडली. ओवी मातीत सपशेल आडवी झाली, गाल जमिनीला लावला आणि पाइपच्या रेषेत बघत राहिली. किती वेळ, ते मोजलं नाही. मला तो फार वाटला. मग उठून तिने मुग्धाला नुसतं बोटाने दाखवलं, हे इथे खाली आणि ते तिथे वर. दोघींनी बादली पालथी घातली आणि नळाकडचं टोक तिच्यावर चढवलं.

पाणी निघालं! पहिल्या सांध्यात गळलं, त्यांनी चिखल थापला. चिखल वाहून गेला, तर मुग्धाने पायातला मोजा काढून सांध्यात कोंबला. असला सांधा मी कधी मंजूर केला नसता. त्या दिवशी केला. पाणी वाफ्यात पोचलं आणि अण्णा उभे राहिले, ओरडणार एवढ्यात धारेने मेथीची सगळी रोपं आडवी झाली. "बंद कर, बंद कर!" मुग्धा किंचाळली. ओवी धावली. पूर्ण बंद केला. थोडा उघडला. अजून थोडा. करंगळीएवढी धार धरली आणि तिथेच थांबली. मग दोघींनी एकेक रोप बोटाने उभं केलं.

अण्णांना राहवलं नाही. पुढे जाऊन विचारलं, "कुणी शिकवलं गं तुम्हाला हे?"

ओवीने वर न बघता सांगितलं, "आजोबा, बाजूला व्हा ना. पाय पाण्यात आलाय तुमचा."

आपा काय म्हणाल्या? काहीच नाही. त्या सगळ्या वेळात त्या मुलींना एक शब्द बोलल्या नाहीत. 'शाब्बास'सुद्धा नाही. मला वाटतं, माणसाला जिंकताना बघून गप्प राहणं हे सगळ्यात अवघड काम असावं, आणि ते काम आपांना यायचं.

मग मुग्धा माझ्याकडे आली. ओली, एका पायात मोजा. म्हणाली, "बाबा, तू रोज असंच करतोस?"

मी म्हणालो, "हो. रोज." मला आजवर खूप जणांनी शाबासकी दिलीय, पण तो 'हो' म्हणताना झाली तेवढी माझी मान कधी ताठ झाली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी शिकवणीवाल्यांना कळवलं, खोली रिकामी नाही. आणि सविताताईंनी ओवीचं नाव काढलं नाही. उलट पाळी नसताना येऊन बसायला लागल्या. मग सुट्टीच्या दिवशी. मग ऑफिसचं काम सोडून रोज, आपांच्या शेजारी. दोघी मुली आता पहिलीत आहेत. आणि वाचतात का? अण्णा, वाचतात का? मुग्धा रस्त्यावरचा प्रत्येक बोर्ड वाचते आणि त्यातल्या चुका काढते. तो गुण माझा.

आता उत्तर. आपांच्या दफनानंतरच्या सकाळी मुलं नेहमीच्या वेळी दाराशी हजर. त्यांना कोण सांगणार? सविताताईंनी कडी काढली, खाली बसल्या आणि सरळ सांगितलं, "आपा वारल्या. आता त्या येणार नाहीत." मुलं जवळ सरकली. काही रडली. सविताताईही रडल्या, लपवलं नाही. मग एका चिमुरडीने विचारलं, "मग डबे कोण उघडणार?" आणि दुसरी म्हणाली, "आपणच उघडतो ना आपले. आपा कधी उघडायच्या?"

ऐकलंत? तुम्ही मला विचारता खोलीचं काय होणार! कोण बंद करणार आहे ही खोली? काल मंडळाची बैठक झाली. अण्णांनी मला जाहीर करायची परवानगी दिलीय. खोली मुलांचीच राहील, दुसऱ्या कुणाला दिली जाणार नाही. सविताताई ती सांभाळतील. पालकांच्या पाळ्या चालू राहतील. सोमवारची पाळी यूसुफभाईंनी स्वतः मागून घेतलीय. यूसुफभाई, सांगून ठेवतो, अवघड जाईल.

आपा, तुम्ही जिंकलात. हे मी या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगतो. तुम्ही जिंकलात.

आता आपण श्रद्धांजलीसाठी उभे राहू या. एक विनंती आहे. शांत फक्त मोठ्यांनी राहायचं. मुलं बोलतील, हसतील, इकडून तिकडे पळतील. कुणीही त्यांना गप्प करू नये.

उभे राहा.