आभाळातला झेंडू

मंडळी, ऐका. आज घसा बसलाय, फार ओरडणार नाही. एकच विचारतो — आपल्या हातून घडलेलं कुणाला दिसलं नाही, तर ते घडलंच नाही का? ...बोला की! बरं, बसा गप्प. मीही गप्पच बसलो होतो.

विमानतळाजवळचं गाव. सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, उभा मीच. आदल्या साली शेजारच्या गावानं बुवांवर जेसीबीनं फुलं ओतली — बुवा होता की खड्डा? — मग आमच्या सप्ताहाचे यजमान सोपानतात्या कुदळे मागं राहतात होय! त्यांनी ड्रोन आणला. खाली झेंडूची परडी!

त्यात तात्यांची लेक उज्ज्वला, तान्हं बाळ घेऊन, त्याच दुपारी विमानानं येणार. विमान उतरतं मंडपावरूनच. तात्या ड्रोनवाल्या प्रल्हादला म्हणाले, "अजून वर घे. लेकीला दिसू दे बापाचा थाट!"

"तात्या, लई वर गेलाय. मलाच दिसंना!"

"आपल्याला नाय दिसला तरी तिला दिसंल की!"

माया हो, बापाची माया! ऊन डोळ्यांत, ड्रोन राईएवढा. विमान आलं — आणि उतरता उतरता गरजत पुन्हा वर गेलं! मंडपात टाळ्या! लोकांना वाटलं, सलामी दिली! थोड्या वेळानं माझ्या डोक्यावर फुलं पडली. मी हात जोडले.

माझा मुक्काम तात्यांकडेच. संध्याकाळी उज्ज्वला घरी आली. बाळाला छातीशी आवळलेलं, कुणाकडे देईना. "तात्या, पंखाजवळून झेंडूसारखं काहीतरी गेलं! विमान असं उचललं, बाळ हातातून सुटता सुटता राहिलं. पायलट म्हणे, दिसलं तोवर मागं गेलं, पक्षी असेल."

तात्या उंबऱ्यातच बसले. नातवाला घ्यायला हात पुढं केले, आणि मागं घेतले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बुवा, कुणाला बोलू नका."

आणि मी — खरं बोला म्हणून रोज सांगणारा — म्हणालो, "बरं." का? फुलं माझ्यासाठी होती ना!

वर्षानं तात्याच आले. "बुवा, नातू मांडीवर आला की जीव घाबरतो. माझं नाव घेऊन सांगा आता."

तेव्हापासून गावोगाव सांगतोय. माना डोलतात. अन् पुढच्या गावी डोक्यावर पुन्हा ड्रोनची घूं घूं! दमलो हो मंडळी, खरंच दमलो.

आताही ऐकू येतंय. मंडपामागं आहे. कुणाचा, विचारत नाही. टाळकऱ्यांनो, थांबा. तो जमिनीला टेकेपर्यंत मी पुढं बोलणार नाही. वर एखाद्या विमानात कुणाची तरी उज्ज्वला बसलीय.

आणि ती परडी इकडं आणा. फुलं आपापल्या हातानं देवाला वाहा. माझ्यावर नकोत.