दोन दाराचा फ्रीज

...अहो, पण तो चालतच नाही ना! हेच तर त्या साहेबाला घसा फुटेस्तोवर सांगितलं. तुम्हाला सांगतो, मी ज्या बावीस मजली इमारतीच्या गेटवर बसतो, तिथल्या सातव्या मजल्यावरच्या बाईंनी तो फ्रीज काढून टाकला. "वॉचमनकाका, बंद पडलाय, हवा तर न्या, नाहीतर कचऱ्यात जाईल." फुकट! नेला. चौघांनी आमच्या घरच्या जिन्यातनं चढवला, निम्मी खोली त्यानंच खाल्ली. आमची ही म्हणाली, "दार घट्ट लागतं, उंदीर शिरायचे नाहीत." झालं! रेशनचे गहू खाली, तांदूळ वर, अंड्यांच्या खळग्यांत माझ्या गोळ्या. प्रगती झाली आमची!

मग आली ती पाहणीवाली पोरगी. घरोघर फिरून गरीब मोजायची. मी ड्युटीवर, घरी ही एकटी. पाहुणी आली की हिला धीर कुठला? शेजारणीचे चांगले कप मागून आणले, फ्रीजवर फडकं मारलं. पोरगी विचारते, "आजी, फ्रीज आहे वाटतं?" ही म्हणते कशी, "आहे की! दोन दाराचा!"

दोन दाराचा! अगं, बंद आहे हे कोण सांगणार? तर मलाच म्हणते, "तिनं कुठं विचारलं? परक्या पोरीपुढं काय रडगाणं गायचं?"

पुढच्याच महिन्यात रेशन बंद. रेशनच्या ऑफिसात गेलो. साहेब पडद्याकडं बघत म्हणतो, "काका, तुम्ही वरच्या गटात गेलात." म्हटलं, "कधी? मी तर गेटवरच होतो!" "फ्रीज आहे ना?" "आहे, पण चालत नाही." "चालतो का, असा रकाना नाही. अहो, सगळेच वर चाललेत, तुम्हीच कशाला तोंड पाडता?" खरं सांगू? वाईटसुद्धा वाटलं नाही. प्रगती झाली म्हटल्यावर रडायचं कुठल्या तोंडानं?

म्हटलं, विकून टाकू. भंगारवाला म्हणतो, "आजोबा, खाली उतरवायची हमाली तुमच्याकडं." आणि विकून तरी काय? पाहणी परत तीन वर्षांनी. तोवर मी आधी भंगारात जातो का फ्रीज, बघू.

आता ही रोज सकाळी फ्रीज उघडते, रिकामे कप्पे पुसते, घट्ट लावते. सवय... उंदीर मात्र गेले हो. गरीब होतो तेव्हा रोज यायचे घरी, आता एक फिरकत नाही. प्रगती झाली ना आमची!