न विचारता आलेला मदतनीस

बसा मंडळी, पुढं सरकून बसा. मागच्यांना खांबाआडून दिसत नसेल तरी ऐकू येईल, आज कथा कानांचीच आहे.

आधी एक प्रश्न. कुणी तुमच्या घरात आलं, न विचारता केर काढला, भांडी घासली. काम चांगलं केलं. पण जाताना तुमच्या कपाटातली पत्रं त्यानं वाचली का नाही, हे तुम्हाला माहीत नाही. आता सांगा, त्याचे आभार मानायचे का कुलूप बदलायचं? लगेच माना हलवू नका. ऐका.

कराडात हेमलता दुधाणे नावाच्या बाई आहेत. चौपन्न वर्षांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. घरातून मार खाऊन बाहेर पडलेल्या बायकांना आधार देणारं एक केंद्र त्या चालवतात. बायका त्यांच्यापाशी काय काय बोलतात, ते त्यांच्या पोटातून ओठावर येत नाही. पंधरा वर्षांत नाही आलं.

आता त्यांचं सगळं काम कॉम्प्युटरवर. इंटरनेटवर जायचं तर एका दारातून जावं लागतं, त्याला म्हणायचं ब्राउझर. यांच्या ब्राउझरचं नाव गवाक्ष. दहा वर्षं तेच दार. बाईंचा त्याच्यावर विश्वास बसलेला — जसा आपला रोजच्या दूधवाल्यावर असतो, तो काय मिसळतो हे कधी न बघता!

एका मंगळवारी सकाळी बाई वकिलांना पत्र लिहीत होत्या. रेवती नावाची एक पोरगी, सहा वर्षांची लेक घेऊन नवऱ्यापासून लपून राहिलेली. पत्रात तिचा नवा पत्ता होता. गाव, गल्ली, घरमालकाचं नाव, सगळं. आणि तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कडेला एक पट्टी सरकत आली. तिच्यावर लिहिलेलं — ‘नमस्कार, मी तुमचा नवा एआय मदतनीस. या पत्राचा सारांश करून देऊ का?’

बाईंचा हात जागीच थांबला. हे पत्र आहे, हे याला कसं कळलं?

त्यांनी सरळ कॉम्प्युटरची भिंतीतली पिन उपटली. शेजारच्या टेबलावरची शैला म्हणाली, “हेमाताई, अहो घाबरताय काय? ते मदतच करतंय. माझ्याकडं पण आलंय सकाळी.”

“मी बोलावलं होतं का त्याला?” बाई म्हणाल्या. “आणि त्यानं वाचलं असेल तर ते गेलं कुठं?”

तुमच्याकडं आहे याचं उत्तर? माझ्याकडंही नाही.

बाईंनी रेवतीला फोन लावला. “पिशव्या भरून ठेव. कदाचित जागा बदलावी लागेल.”

मग रेवती म्हणाली, “ताई, वर्षात तिसऱ्यांदा? पोरगी आत्ता कुठं शाळेत हसायला लागलीय. तिला एक मैत्रीण मिळालीय. खरंच जावं लागेल का?”

“संध्याकाळपर्यंत थांब,” बाई म्हणाल्या. “मी छडा लावते.”

गवाक्षच्या कंपनीला त्यांनी मोबाइलवरून ई-मेल पाठवला. क्षणात उत्तर. काय? ‘आपलं समाधान हाच आमचा आनंद.’ मंडळी, तेही यंत्रानंच लिहिलेलं! बाईंनी मग नंबर शोधला आणि फोन करत राहिल्या. सातव्या वेळी माणूस सापडला. इरफान मुजावर त्याचं नाव, ते दार बनवणाऱ्यांपैकीच एक, मूळचा मिरजेचा.

बाईंनी पत्ता सोडून सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही बोलणं तोडलं नाही. मग विचारलं, “मॅडम, पट्टीवरचं ‘हो’ दाबलंत?”

“नाही. पिनच काढली.”

“मग मजकूर तुमच्या मशीनबाहेर गेलेला नाही. हे पत्र आहे, एवढं ते तिथल्या तिथं ओळखतं. ‘हो’ दाबल्यावरच मजकूर पाठवतं.”

“हे तुम्ही म्हणता,” बाई म्हणाल्या. “तुमच्या शब्दावर मी त्या लेकराला तिथं ठेवू?”

“नका ठेवू,” इरफान म्हणाला. “तपासून घ्या. ओळखीत कुणी कॉम्प्युटर शिकवणारं आहे?”

शैलाचे दीर तंत्रनिकेतनात शिकवतात. दुपारी ते आले, आपला लॅपटॉप जोडला. मशीनमधून बाहेर काय जातं ते त्यावर दिसत होतं. बाईंना म्हणाले, “तसंच पत्र लिहा, पण खोटं.” बाईंनी काय लिहावं? शेंगदाण्याच्या चटणीची कृती! पट्टी आली. सारांश देऊ का म्हणाली. बाहेर काही गेलं नाही. मग मुद्दाम ‘हो’ दाबलं, तर चटणी लसणासकट बाहेर गेली. पुन्हा करून पाहिलं, चार वेळा. इरफान खरं बोलला होता.

बाई खुर्चीत मागं टेकल्या. चष्मा काढून डोळे पुसले आणि फोन लावला. “रेवती, पिशव्या सोड. कुठं जायचं नाही.” पलीकडून रडण्याचा आवाज आला आणि मागून लेकीचा, “आई, मग मी उद्या शाळेत जाऊ?”

मंडळी, इथं कथा संपली असं वाटेल. पण इरफानचा फोन पुन्हा आला. “मॅडम, मजकूर गेला नाही हे खरं. पण न विचारता ती पट्टी आणली, ही आमची चूकच. मी इथं कंपनीत हेच सांगतोय, कुणी ऐकत नाही. तुमची तक्रार बैठकीत वाचून दाखवू का? नावं काढून.”

बाई म्हणाल्या, “विचारलंत ना? मग वाचा.”

तीन आठवड्यांनी गवाक्ष उघडलं, तर आधी एक प्रश्न आला — ‘मदतनीस हवा आहे का?’ आणि खाली ‘हो’ आणि ‘नको’, दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत. शैलानं ‘हो’ दाबलं, तिला पत्रं लिहायचा कंटाळा. बाईंनी ‘नको’ दाबलं आणि कामाला लागल्या. दोघी एकाच खोलीत, दोघी सुखात.

बघा, मदत वाईट नव्हती. यंत्रही वाईट नव्हतं. राहिलं होतं ते विचारणं.

आता हसू नका, तुमच्याकडंच येतोय. सुनेचा फोन वाजला की आधी कोण उचलून बघतं? मुलीची वही ‘सहज’ कोण चाळतं? प्रेमापोटीच ना? प्रेमापोटीच. तर आज घरी गेल्यावर एवढंच करा — हात लावण्याआधी विचारा, बघू का म्हणून. ती ‘नको’ म्हणाली, तर तोंड पाडू नका. तिच्याजवळ बसा, आणि ती आपणहून काय सांगते ते ऐका.