बराकीत मांडलेली चूल

मी मूळची भंडाऱ्याकडची, वडील तिथं शाळेत मास्तर, आम्ही बहिणीच बहिणी, त्यामुळे स्थळ आलं की त्याला फार प्रश्न विचारायचे नाहीत असा आमच्या घरचा नियम होता, आणि जबलपूरचं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं की मुलगा काय करते, तर सरकारी कारखान्यात आहे म्हणाले, झालं, ठरलं. कारखाना कशाचा ते मला लग्नानंतर कळलं. तोफा ज्या गाड्यांवर ठेवतात त्या गाड्या तिथं बनायच्या, मोठाली लाकडी चाकं, त्यांच्यावर लोखंडाची धाव तापवून चढवायची, आणि आमचे हे ती चाकं तपासायचे, फिरवून पाहायचं, डगमगलं की खडूनं फुली. घरातही पाट डगमगला, चौरंग डगमगला, की हवेतच फुली मारायचे. त्यांचं नाव काय विचारता, मी आजवर घेतलं नाही, आता काहून घेऊ.

सासरचं घर दीक्षितपुऱ्यात. हे लोक मराठ्यांच्या वेळी इकडे आले, कोणत्यातरी फौजेबरोबर हिशेब लिहायला, मग फौज परत गेली आणि हे राहून गेले. घरात हिंदीच जास्त, मराठी देवापुढे आणि भांडताना. सासरे मी यायच्या आधीच गेलेले, सासूबाई खाणावळ चालवायच्या. केशवपन केलेली बाई, अंगावर लाल आलवण, तोंडानं तिखट, हातानं त्याहून गोड. नागपूर-वर्धेकडची पोरं कारखान्यात लागली होती, कुणबी, माळी, कोष्टी, दोनतीन ब्राह्मण, सगळी आमच्याकडे जेवायची, कारण ब्राह्मण विधवेच्या हातचं सगळ्यांना चालायचं, पंगती मात्र वेगळ्या. काय सांगू तुम्हाला, तेव्हा भूक नंतर, जात आधी, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

तर पहिली लढाई चालू होती, तिचं ते शेवटचं वर्ष, पण शेवटचं आहे हे कोणाला ठाऊक. कारखान्यात रात्रंदिवस काम. घरी जाण्यायेण्यात वेळ जाते म्हणून माणसं कारखान्याजवळच्या बराकीतच झोपायची, जेवायला तेवढी आमच्याकडे येऊन परत जायची, आमचे हेसुद्धा, मुक्कामाला फक्त रविवारी घरी यायचे, आणि रविवारीही अर्धा दिवस झोपून काढायचे. मला तेव्हा दिवस गेलेले, पाचवा महिना.

दसऱ्याच्या सुमारास तो ताप आला. रेल्वेनं आला म्हणाले, लढाईवरून परतलेल्या शिपायांनी आणला म्हणाले, कोणी म्हणे बॉम्बच्या धुरानं हवाच नासली. चांगला धडधाकट माणूस सकाळी खोकायचा, संध्याकाळी अंथरुणाला, आणि म्हातारे राहून जायचे, तरणेच जायचे, हे उलटं होतं त्याच्यात. आमच्या गल्लीत एका घरातून आई आणि मुलगी एका दिवशी नेली, खांदा द्यायला माणसं मिळेनात.

मग आमच्या मराठी मंडळींची सभा झाली. सभा आमच्या खाणावळीत झाली, कारण आमची खोली मोठी, आणि आमच्या पुऱ्यातले मोठे वकीलसाहेब, त्यांच्या दिवाणखान्यात नवीन सतरंजी होती, ती मळायला नको. अध्यक्ष तेच. आधी त्यांना हार घातला, मग ते सरकारचा जय कसा होणार यावर बोलले, बराच वेळ बोलले, तेवढ्यात मी आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारामागे तांदूळ निवडत बसलो होतो तर आमचं सूप संपलं. मग पेन्शनीतले डॉक्टर उठले. चांगला माणूस, कोरडा. म्हणाले, ही खाणावळ उद्याच्या उद्या बंद करा, एका खोलीत इतकी माणसं मांडीला मांडी लावून जेवतात, एकमेकांच्या तोंडावर खोकतात, ताप इथूनच वाटल्या जाऊन राहिला. बराकीतलं माणूस बाहेर नको, बाहेरचं आत नको. कोणी म्हणालं, अहो पण कामावर तर जावं लागते, लढाई थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, लढाईचं मी पाहत नाही, मी फुप्फुस पाहतो.

तेव्हा सासूबाई दारामागून बोलल्या. विधवेनं सभेत बोलायचं म्हणजे काय. म्हणाल्या, बंद करा, माझी ना नाही, डॉक्टर खरं बोलून राहिले, पण मग त्या पोरांना खायला काय घालता ते सांगा. वकीलसाहेबांनी उत्तर दिलं ते दाराच्या चौकटीकडे पाहून. म्हणाले, आजींचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. मग विचारात घेतला. एक जण म्हणाला, लढाईसाठी गोळा केलेल्या निधीतून मदत द्या. दुसरा म्हणाला, आयतं खायला मिळालं की माणूस बरा व्हायला वेळ लावते. तिसरा म्हणाला, मदत फक्त आजाऱ्यालाच, तर चौथा म्हणाला, आजारी कोण हे ठरवणार कोण, आत जायची तर बंदी. अशी ती सभा तासन्‌तास चालली.

पण सगळ्यात लांबला तो प्रश्न हा नव्हताच. प्रश्न होता, द्यायचं काय. तुम्ही आजची माणसं, तुम्हाला सांगावं लागते. भात, वरण, पेज हे पाण्यात शिजलेलं, कच्चं म्हणायचे त्याला, ते आपल्या चुलीपासून उचलून गावातून नेलं, वाटेत कोणाचा हात लागला, की बाटलं, कोणी खात नसे. तुपात तळलेलं ते पक्कं, ते नेता येते, कोणालाही चालते. तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सुचवलं, पुऱ्या पाठवा, पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. सगळ्यांचे चेहरे उजळले. कोणाची जात जात नाही, दोन दिवस टिकते, दिसायलाही मदत दिसते. डॉक्टरही हो म्हणाले, आमची खाणावळ बंद होत होती, त्यांना तेवढंच हवं होतं. आभार मानले, पानं वाटली. मलाही ते छान वाटलं, पुऱ्या म्हणजे आमच्याकडे सणाचं.

तळल्याही मीच. सासूबाई लाटायच्या, मी तळायची. रामदीन भैया म्हणून टांगेवाला होता, तो टोपल्या घेऊन जायचा, बराकीच्या फाटकाशी ठेवायच्या, आतलं कोणी उठू शकणारं येऊन घेऊन जायचं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी रामदीन रिकामा टांगा घेऊन आला आणि टोपली घ्यायला हातच पुढं करेना. म्हणाला, बाई, क्या ले जाऊँ, पूड़ी तो जैसी की तैसी धरी है. कोणी उचलून नेतं, खाटांशी ठेवतं, पण तापातल्या माणसाच्या घशाखाली तळलेली पुरी उतरते का. मुंग्या लागल्या म्हणाला. आणि म्हणाला, आपके घर के भैया भी पड़ गए हैं, दो रोज़ से.

मी तिथंच पातेलं ठेवलं चुलीवर. पेज टाकली, तांदळाची, मिठाची. सासूबाई म्हणाल्या, काय करून राहिलीस. म्हटलं, मी घेऊन जाते. म्हणाल्या, तू पोटुशी, तुला पाऊल टाकू देणार नाही, आणि नेलीस तरी तो पिईल, बाकीचे पिणार नाहीत, त्यांच्या डोळ्यासमोर एकानं प्यायचं आणि बाकीच्यांनी पाहायचं, असं माझ्या खाणावळीत कधी झालं नाही. मी रागानं बोलली, पोटचा मुलगा मरायला टाकला आणि तुम्हाला पंगत पडली आहे. त्यांनी चुलीवरून पातेलं उतरवलं. मग म्हणाल्या, शिजवलेलं नेता येत नाही ना, कोरडा शिधा तर नेता येते. तांदूळ नेते, मी नेते, तीन विटा मांडून तिथंच चूल करते. माझ्या हातचं त्यांना चालते, रोजच चालते.

डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही आत जाऊन रोज घरी आलात तर हा ताप सुनेच्या अंगावर घेऊन याल, मी परवानगी देत नाही. चूक बोलले का? नाही. सासूबाई म्हणाल्या, मी बाहेर येणारच नाही, ताप सरेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, माझी हरकत नाही, पण ठराव सभेचा आहे, अध्यक्षांना विचारा. तर वकीलसाहेब म्हणाले, विचार उत्तम आहे, पण ठराव बदलायचा म्हणजे सभा बोलवावी लागते, गुरुवारी घेऊ. सासूबाई घरी आल्या, एक दिवस थांबल्या. काहून थांबल्या मला कळलं नाही, जन्मभर कोणाला न विचारता वागलेली बाई, पण इतकी मोठी माणसं म्हणून राहिली तर थांबावं असं वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ केली, तांदळाचं गाठोडं बांधलं, आणि गुरुवारची वाट न पाहता रामदीनच्या टांग्यात बसून गेल्या.

त्याच्या पुढल्या दिवशी शिधा घेऊन मी स्वतः गेली. रामदीननं टांगा लांबच थांबवला. बराकीच्या पायरीवर सासूबाई उभ्या होत्या, मध्ये मोकळं मैदान, ओरडूनच बोलावं लागे इतकं अंतर. मी विचारायच्या आधीच त्या बोलल्या. द्वारके, तो गेला. मी पोचायच्या आदल्या रात्रीच गेला होता. रडल्या नाहीत, की तितक्या लांबून मला दिसलं नाही. मी टांग्याचा दांडा धरला. म्हटलं, मग तुम्ही बाहेर या ना आता, चला घरी. म्हणाल्या, डॉक्टरला शब्द दिला आहे. आणि आत बाकीचे पिऊन राहिले. उद्या तांदूळ जास्त पाठव. आणि मीठ विसरलीस तू.

घरी आली आणि आधी मीठ काढून ठेवलं. भेटायला कोणी आलं नाही, बंदी होती, माझं कुंकूही मीच पुसलं. रोज शिधा पाठवायची. ज्या सकाळी त्या पोचल्या त्या सकाळी पेज उशिरा झाली, एवढंच मला नंतर बराकीतल्या एकानं सांगितलं, उशिरा झाली पण झाली.

तापात कोण कोणाची जात विचारते असं छापायला बरं वाटते, पण तिथं विचारत होते. डोळे न उघडता विचारायचे, कोणाच्या हातची आहे. सासूबाईंची म्हटलं की तोंड उघडायचे. शेवटच्या खाटेवर एक महाराचा मुलगा होता, त्याला त्या हात न लागू देता वरून वाढायच्या, हेही खरं आहे. त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाजलं असंही लोक सांगतात. मी विचारलं तर म्हणाल्या, असेल, मला काय आठवते. ते पोरगं वाचलं. सगळे नाही वाचले, पण बरेच.

ताप सरला, खाणावळ पुन्हा उघडली, लढाई संपली, शहरात रोषणाई झाली. वकीलसाहेबांना मदतकार्याबद्दल कसलीशी पदवी मिळाली. पुऱ्या चांगल्या होत्या, तूपही शुद्ध होतं, खोटं काहून बोलू.

मला मुलगा झाला. सव्वा महिना झाला आणि भावकीतले लोक न्हाव्याला घेऊन दारात आले. तसंच होतं तेव्हा, विधवेचे केस ठेवले तर तिच्या हातचं कोणी पाणी घेत नसे, मग खाणावळ कशी चालणार. मी ओसरीवर जाऊन बसलीही. सासूबाईंनी न्हाव्याला शिधा दिला आणि म्हणाल्या, भैया, तुम जाओ. भावकीला म्हणाल्या, लोकांनी सांगितलं तसं ऐकून मी घरातलं एक माणूस घालवलं, आता हे ऐकणार नाही. खाणावळ बुडाली तर माझी बुडेल. दुसऱ्या दिवशी पंगत बसली तर वाढायला मला पाठवलं, डोक्यावरून पदर. पानावर कोणी हात घालेना. दोघे ब्राह्मण उठले, गेले, परत कधी आले नाहीत. मग गणपत कोष्टी, बराकीतून वाचलेला, म्हणाला, वहिनी, भात थंड होऊन राहिला, वाढा ना. मी वाढला.

दुसरी लढाई आली तेव्हा माझा मुलगा त्याच कारखान्यात लागला, पुन्हा रात्रंदिवस काम, पण त्याला मी बराकीत झोपू दिलं नाही, रात्री कितीही वाजता येऊ दे, घरी यायचं. तोही आता रिटायर झाला, आम्ही इकडे कांचघर मोहल्ल्यात राहायला आलो. नातवंडांना मराठी समजते, उत्तर हिंदीत देतात. मोठा नातू वादात हुशार आहे, तो विचारते, दादी, उसमें सही कौन था. मी खूप विचार करून पाहिला. डॉक्टर बरोबर होते. सासूबाई बरोबर होत्या. वकीलसाहेबांनाही कोणाचं मन दुखवायचं नव्हतं. त्या सभेत चुकीचं बोललेलं एकही माणूस मला आठवत नाही, आणि तरी हे गेले.

चलो, हो गया. तुम्ही इतक्या लांबून आलात, इतकं ऐकलंत, देव तुमच्या घरचं माणूस तुमच्या जवळ ठेवो, हाक मारली की ऐकू जाईल इतकं जवळ. आता माझी नातसून येईल, रोज या वेळी ती माझी वेणी घालते. पांढरी झाली आहे सगळी, पातळही, पण अजून गाठ बसते.