पट्टीवरचा शेक

नवऱ्याच्या कॅन्सरच्या दुखण्यावरची फेंटानिलची पट्टी आणायला शिवकन्या नांदेडच्या दवाखान्यात रांगेत उभी होती. पुढं दोघी बोलत होत्या.

“ती कातडीला चिटकवली की मालकाचं कण्हणं थांबायचं. लई जालीम औषध.”

“मग झालं काय, अक्का?”

“हुडहुडी भरली म्हणले. म्या पट्टीवरच विटेचा शेक दिला.”

“शेकानं काय होतंय?”

“समदं औषध एकदमच अंगात उतरतंय म्हणं. मला वाटलं, झोप लागली. घोरत होते. मंग घोरणं बी थांबलं.”

“आता रांगेत कशाला?”

“उरलेल्या पट्ट्या वापस द्यायला.”

शिवकन्यानं रांगेतूनच घरी फोन लावला.

“मंजुश्री, बाबाच्या पट्टीवरली गरम पाण्याची पिशवी काढ!”

“हळू बोल, आई. लई दिवसांनी निवांत घोरून राहिले.”