साहेब जाईपर्यंत पलंग

सरकारी रुग्णालयातल्या औषधांच्या रांगेत निवृत्त शिक्षिका मिस इवाडनी उभ्या होत्या. नव्या इमारतीचा खर्च तिप्पट कसा झाला, हे विचारायला राजधानी किंग्स्टनहून संसदेची समिती आली होती. पुढच्या दोघींचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

"तुमचे लॉयड कसे आहेत, मिस मर्टल?"

"आज पलंगावर आहेत, डल्सी."

"देवाची कृपा. अकरा दिवस बाकावरच होते ना?"

"बाकावरच, सलाइन खिडकीला टांगून. पहाटे नव्या इमारतीत नेलं. कोरी चादर, वर पंखा."

"तिथे वीज कुठली?"

"भाड्याचा जनरेटर आणलाय. वॉर्ड चालू दिसायला हवा ना साहेबांना. सहा पेशंट नेलेत."

"आणि साहेब गेल्यावर?"

"परत बाकावर. चादर मळवू नका म्हणून नर्सबाईंनी बजावलंय."

"मग सांगा की त्या खासदारांना खरं काय ते."

"सांगितलं तर आत्ताच उठवतील त्यांना. अकरा दिवसांनी पाय पसरून झोपलेत गं."

"विरोधी पक्षाच्या बाई फार खोदून विचारतात म्हणे."

"विचारू देत. दुपारपर्यंत विचारू देत."

फाटकापाशी समितीच्या गाड्या परत निघायला सुरू झाल्या. मिस मर्टल रांगेतून बाहेर पडल्या.

"अहो, निघालात कुठे? आता तुमचाच नंबर आहे."

"माझा नंबर तू घे. दुसरं कुणी येऊन बसायच्या आत मला तो बाक धरायला हवा."